चार हातांचा प्रवास

आमच्या घराण्यात लहान मुलांना घेऊन प्रवास करणं हे दोन माणसांचं काम कधी नव्हतंच. मी लहान असताना मे महिन्यात आम्ही पुण्याहून चिपळूणला आजोळी जायचो. स्वारगेटला मामा एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचा, फिरकीचा तांब्या आत्याच्या ताब्यात, दशम्या आणि लसणीची चटणी आजीच्या पिशवीत, आणि मी कुणाच्या मांडीवर बसायचं हे ज्याची मांडी रिकामी असेल त्यावर ठरायचं. कुंभार्ली घाटात मला मळमळायला लागलं की पुढच्या सीटवरच्या अनोळखी बाई मागे वळून हातावर आवळासुपारी ठेवायच्या. एका पोरामागे सात-आठ हात असायचे. आईला त्या प्रवासात खिडकीबाहेर बघायलासुद्धा वेळ मिळायचा.

नवऱ्याची बदली टोकियोला झाली तेव्हा थोरली चार वर्षांची होती आणि धाकटा जेमतेम बसायला लागला होता. आम्ही राहतो त्या निशिकासाई भागात भारतीय पुष्कळ. हिंग, पोहे, तुरीची डाळ मिळते, संध्याकाळी बागेत मराठी कानावर पडतं, गणपतीत आरतीला माणसं जमतात. त्यामुळे घरी असेपर्यंत परदेश फारसा जाणवत नाही. तो जाणवतो बाहेरगावी निघताना. दाराला कुलूप लावलं की उरतात दोन मोठी माणसं, दोन मुलं, एक बाबागाडी आणि चार हात. त्यातला एक हात कायम बाबागाडीवर, एक थोरलीच्या मनगटावर, एक सामानाला. राहिलेल्या चौथ्या हाताने तिकीट दाखवायचं, पाणी पाजायचं, नाक पुसायचं आणि नकाशाही बघायचा.

तरीही आम्ही जपानात भरपूर फिरलो. मुलं मोठी झाली की जाऊ, असं म्हणत बसलो नाही. हे जमलं कसं याचा मी बराच विचार केला आहे. आमच्या धाडसाचं त्यात फार काही नाही. जिथे जिथे मला पाचव्या हाताची गरज लागली, तिथे तिथे कुणीतरी आधीच विचार करून तो ठेवलेला होता.

एकट्या आईचा प्रवासातला सगळ्यात मोठा प्रश्न स्वच्छतागृहाचा असतो. लिहायला संकोच वाटतो, पण हेच खरं आहे. आपल्याला जायचं असेल तर मूल कुणाकडे द्यायचं? जपानी स्टेशनांवर एक मोठी खोली असते, बाबागाडीसकट आत जाता येईल एवढी. आत बाळाचं लंगोट बदलायला भिंतीला घडी घालून ठेवलेली फळी असते, आणि कोपऱ्यात भिंतीतच बसवलेली एक छोटी खुर्ची. तिला पट्टा असतो. मूल त्यात बसतं आणि आपल्या डोळ्यांसमोर राहतं. उएनो स्टेशनवर मी पहिल्यांदा ती खुर्ची पाहिली, धाकट्याला तिच्यात बसवलं, पट्टा लावला, आणि तो माझ्याकडे बघून हसला. कुणीतरी कागदावर या खोलीचा आराखडा काढताना, मूल घेऊन एकटी निघालेली बाई डोळ्यांसमोर आणली होती. त्या अनोळखी माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार केला. पुढे मोठ्या दुकानांच्या मजल्यांवरही बाळांच्या खोल्या सापडत गेल्या. अंगावर पाजायला पडद्याआडची जागा, दूध कालवायला गरम पाण्याचा नळ, कुठे कुठे बाळाचं वजन करायला काटासुद्धा. मी कितीतरी अनोळखी शहरांत आधी असं दुकान शोधलं आणि मग देऊळ.

हे सगळं त्या समाजाच्या अंगात पहिल्यापासून होतं असं मात्र नाही. आगगाडीत बाबागाडी उघडी ठेवावी की मिटून घ्यावी यावर तिथे बरीच वर्षं वाद होता. कडेवर मूल, खांद्यावर पिशवी आणि हातात मिटलेली बाबागाडी घेऊन आयांना गर्दीत उभं राहावं लागे. 2014 मध्ये तिथल्या वाहतूक मंत्रालयाने बाबागाडीचं एक चिन्ह ठरवलं आणि गाड्यांत, बसमध्ये ती मिटायची गरज नाही असं जाहीर केलं. आता डब्यातल्या मोकळ्या जागेवर ते चिन्ह दिसतं. तरी सकाळच्या गर्दीत बाबागाडी घेऊन चढले की काही नजरा वळतातच.

आणि शांतता. तिची सवय मला अजूनही झालेली नाही. जपानी डब्यात कुणी मोठ्याने बोलत नाही, फोन घेत नाही. मूल रडायला लागलं की तिथल्या आया लगेच उठतात, आजूबाजूच्यांना वाकून दिलगिरी सांगतात आणि मुलाला घेऊन दोन डब्यांच्या मधल्या जागेत जाऊन उभ्या राहतात. टोकियो-ओसाका मार्गावरच्या शिंकान्सेन या अतिवेगवान गाडीत अकराव्या डब्यात एक बंद खोली असते. बाळाला पाजायचं असेल, कुणाला बरं वाटत नसेल, तर तिकीट तपासनिसाला सांगितलं की तो उघडून देतो. त्या खोलीत मी धाकट्याला थोपटत बसले आहे आणि तिचा आधारही वाटला आहे. पण मूल रडलं म्हणून आईने माफी मागायची, हे मला जाचक वाटतं. एसटीत मूल रडलं की सगळी बस सल्ला देते, कुणी टिचकी वाजवतं, कुणी बांगड्या वाजवून दाखवतं. त्याचाही त्रास होतो, पण ते रडणं एकट्या आईचं राहत नाही. जपानात खुर्ची, फळी, गरम पाणी, सगळं हाताशी असताना मी कधी कधी त्या बांगड्यांच्या आवाजासाठी आसुसले आहे.

थोरली तिथल्या पाळणाघरात जायला लागली आणि तिला आगगाड्यांचं वेड लागलं. तिथली मुलं शिंकान्सेनची नावं, रंग, नाकाचा आकार सगळं तोंडपाठ म्हणतात. हिरवी हायाबुसा, म्हणजे बहिरी ससाणा. लाल कोमाची, जुन्या काळच्या ओनो नो कोमाची या कवयित्रीचं नाव घेतलेली. या दोन गाड्या टोकियोहून एकमेकींना जोडून निघतात. हायाबुसाचे दहा डबे, कोमाचीचे सात. उत्तरेला मोरिओका स्टेशनात त्या सुटतात. कोमाची डावीकडे वळून डोंगरातून आकिताला जाते, हायाबुसा सरळ आओमोरीकडे. परतीला दोघी पुन्हा मोरिओकाला भेटतात आणि जोडून टोकियोला येतात. हे तिने एका चित्रांच्या पुस्तकात पाहिलं होतं. वसंतातल्या सुट्ट्यांत कुठे जायचं असं विचारल्यावर तिने एका क्षणात सांगितलं, मोरिओकाच्या फलाटावर.

क्योतोची देवळं अजून पाहायची राहिली होती. शिंकान्सेनचं तिकीट स्वस्त नसतं. सहा वर्षांखालच्या मुलांना वेगळी जागा न घेता नेलं तर पैसे पडत नाहीत, एवढीच सोय. आम्ही दोघांनी रात्री बसून हिशेब केला आणि मोरिओकाच ठरवलं. मला तो निर्णय आजही अभिमानाचा वाटतो. घरातल्या लहानातल्या लहान माणसाला कुठे जायचं ते विचारलं, तर उत्तर ऐकायचंसुद्धा.

उत्सुनोमियाच्या पुढे ती गाडी ताशी 320 किलोमीटरने धावते. आतमध्ये ते कळत नाही. मांडीवरच्या कागदी पेल्यातलं पाणी हलत नाही, फक्त जवळची घरं डोळ्यांना पकडता येत नाहीत आणि लांबचे बर्फाचे डोंगर सावकाश सरकतात. सव्वादोन तासांत मोरिओका आलं. उतरून आम्ही फलाटावरच थांबलो, दहाव्या आणि अकराव्या डब्याच्या सांध्यापाशी. तिथे आधीच बरीच मुलं होती, आयांचे हात धरून, बाबांच्या खांद्यावर. हे वेड आमच्याच घरात नव्हतं तर! मोठा कॅमेरा गळ्यात अडकवलेले एक आजोबा सगळ्यात पुढे उभे होते. त्यांनी थोरलीकडे पाहिलं, दोन पावलं मागे सरकले आणि आपली जागा तिला दिली.

आम्ही आलो ती गाडी आधी सुटी झाली. लाल कोमाची पुढे निघून गेली, हिरव्या हायाबुसाच्या नाकाची उघडी झापडं हळूहळू मिटली, आणि तीही गेली. पण थोरलीला सुटणं बघायचं नव्हतं, जुळणं बघायचं होतं. त्यासाठी टोकियोकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघायला हवी. थंडी चांगलीच होती. फलाटावरच्या काचेच्या खोलीत बसून आम्ही डबा उघडला.

या डब्याबद्दल लिहायलाच हवं, कारण जपानात फिरताना शाकाहारी माणसाचा जीव त्याच्यावर असतो. तिथे आमटीसारखं दिसणारं सूप, भाजी, नूडल्सचा रस्सा, सगळ्याचा आधार बहुधा सुकवलेल्या माशाचं पाणी असतं. वरून कितीही भाजीच दिसली तरी. दुकानात मिळणाऱ्या भाताच्या त्रिकोणी मुटक्यांत आंबट-खारट उमेबोशी, म्हणजे खारवलेलं फळ, घातलेले आम्हाला चालतात, पण मुलं ते तोंडात घेतलं की चेहरे वेडेवाकडे करतात. मग मी जपानी तांदळाचा भात करून तो गरम असतानाच तूप-मीठ आणि मेतकूट कालवते आणि त्याचे मुटके वळते. तो तांदूळ चिकट, आंबेमोहोरापेक्षाही चिकट, त्यामुळे मुटका फुटत नाही. बाहेरून नोरी या समुद्रशेवाळाची पट्टी. मेतकूट आई पुण्याहून पाठवते. थोरलीच्या पाळणाघरातल्या एका मैत्रिणीने तो मुटका चाखला आणि तिच्या आईने मला मेतकुटाची कृती विचारली. चण्याची डाळ, उडीद डाळ, गहू, तांदूळ भाजून दळायचे, हे मी तिला मोडक्यातोडक्या जपानीत लिहून दिलं आहे. हिंगापाशी माझी भाषा संपली, तेव्हा डबीच तिच्या हातात ठेवली.

हायाबुसा आओमोरीहून आली आणि थांबली. तिच्या मागच्या टोकाचं लांब हिरवं नाक मधोमध उघडलं आणि आतून लोखंडी जोडणी पुढे आली. मग लांबून लाल दिसायला लागलं. कोमाची आली, काही मीटर अलीकडे थांबली. मुलं एकदम गप्प. पुन्हा सरकली, इतकी सावकाश की चाकं फिरतायत की नाही ते नीट बघावं लागावं. लोखंडाला लोखंड लागल्याचा एक छोटा, पक्का आवाज आला. एवढंच. एवढ्या प्रचंड वेगाच्या गाड्या एकमेकींना किती हळू भेटतात! थोरलीने माझा हात इतका घट्ट दाबला होता की अंगठीचा वळ उमटला. पुढची जोडी तासाभराने होती. आम्ही तीही पाहिली.

निघताना तिने स्टेशनचा शिक्का घेतला. जपानात जवळजवळ प्रत्येक मोठ्या स्टेशनावर रबरी शिक्का आणि शाईची गादी ठेवलेली असते, त्यावर त्या गावाचं चित्र. 1931 मध्ये फुकुई स्टेशनात ही प्रथा सुरू झाली असं सांगतात. फुकट असतो, कुणी पहारा देत नाही, रांगेत उभं राहून आपल्या वहीवर आपणच दाबायचा. मूल कंटाळलेलं असो, रुसलेलं असो, शिक्क्याचं नाव काढलं की पाय उचलतं. रात्री आईचा फोन आला. “अगं, एवढ्या लांब जाऊन देऊळ-बिऊळ काही नाही का तिकडे? बघितलंत तरी काय?” मी फोन थोरलीकडे दिला. ती बराच वेळ बोलत होती. तिकडून आईचं “हो का? मग? मग काय झालं?” चाललं होतं.

सगळेच प्रवास असे झाले नाहीत. कधी चार तास रांगेत गेले, कधी पावसाने हॉटेलातच बसवलं. ते सांगण्यासारखं काही नाही. पण एक रात्र सांगायला हवी.

निक्कोच्या पलीकडे डोंगरात गरम पाण्याच्या झऱ्यांचं एक छोटं गाव आहे. हिवाळ्यात आम्ही तिथल्या एका जुन्या वळणाच्या अतिथिगृहात उतरलो होतो. लहान मुलांना घेऊन राहायला असली जागा फार चांगली. खोलीभर तातामीची चटई, त्यावर रात्री गाद्या घालतात, त्यामुळे पलंगावरून पडायची भीती नाही. मुलांच्या मापाचे सुती किमोनो असतात. जेवणात मुलांचं ताट वेगळं, भाताच्या टेकडीवर छोटा कागदी झेंडा रोवलेला. टोकियोतल्या मित्सुकोशी या दुकानाच्या उपाहारगृहाने 1930 मध्ये मुलांसाठी असं ताट काढलं, आणि झेंडा तेव्हापासूनचा आहे. धाकटा, तेव्हा दोन वर्षांचा, झेंडा हातात घेऊनच झोपला. मध्यरात्री मी त्याला पांघरूण घालायला गेले तर अंग चटका बसेल असं तापलेलं. बाहेर गुडघाभर बर्फ. शेवटची बस संध्याकाळीच गेलेली.

मी रुमालाच्या घड्या मिठाच्या पाण्यात भिजवून कपाळावर ठेवायला लागले. नवरा खाली जाऊन मालकीणबाईंना उठवून घेऊन आला. साठीच्या पुढच्या, केस अंबाड्यात बांधलेल्या. त्यांनी एकदा मुलाकडे पाहिलं, काही न विचारता फोन उचलला आणि #8000 लावला. रात्री-अपरात्री मूल आजारी पडलं तर काय करावं हे विचारायला जपानभर हा एकच क्रमांक आहे. आपण जिथे असू त्या प्रांताच्या केंद्राला तो जोडून देतो आणि परिचारिका किंवा बालरोगतज्ज्ञ बोलतात. पलीकडून एकेक प्रश्न येत होता, बाई तो सोप्या जपानीत मला सांगत होत्या, आणि जिथे मला कळत नव्हतं तिथे करून दाखवत होत्या. पाणी पितोय का? लघवी कधी केली? हाक मारली की बघतो का? मान पुढे वाकते का? शेवटी सांगितलं गेलं, सकाळपर्यंत थांबायला हरकत नाही, मात्र अमुक अमुक दिसलं तर लगेच 119 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. ती लक्षणं बाईंनी कागदावर लिहून, शेजारी चित्रं काढून मला दिली.

मग त्या गेल्या असतील असं मला वाटलं. पण त्या बर्फाच्या छोट्या पिशव्या कापडात गुंडाळून घेऊन आल्या आणि धाकट्याच्या काखेत, जांघेत ठेवल्या. मी कपाळ धरून होते. आम्ही दोघी त्याच्या दोन बाजूंना बसलो. बोलण्यासारखी भाषा आमच्याकडे फार नव्हती. त्यांनी बोटांनी दाखवलं, मला दोन मुलगे, दोघेही टोकियोत. पहाटे ताप उतरला तेव्हाही त्या तिथेच होत्या. सकाळी त्यांनी त्याच्यासाठी मऊ भाताची पातळ पेज आणली, वर मधोमध एक उमेबोशी. कोकणात आजारी माणसाला देतात तशीच पेज आणि लोणच्याची फोड. एरवी तोंड वाकडं करणाऱ्या धाकट्याने वाटी संपवली.

त्या रात्रीसारखं व्यवस्था आणि माणूस दोन्ही एका खोलीत असणं, याच्यापेक्षा जास्त काही मी कुठल्याही देशाकडे मागणार नाही. नुसता क्रमांक असता तर माझी भाषा तोकडी पडली असती. नुसती माया असती तर आम्ही दोघी रात्रभर घाबरत बसलो असतो.

हिरोशिमाला जावं की नाही यावर घरात खूप बोलणं झालं. थोरली तोवर शाळेत जायला लागली होती. तिला अर्धं तिकीट लागायचं आणि त्याचा तिला फार अभिमान होता. मुलांचं कार्ड लावलं की टोकियोच्या स्टेशनांतलं फाटक पिलासारखं चिवचिवतं, ते ऐकायला ती नेहमी सगळ्यांच्या आधी पुढे जायची. शाळेत तिने सादाको या हिरोशिमातल्या मुलीची गोष्ट ऐकली होती आणि ती कागदी पक्षी करायला शिकली होती. तिनेच विचारलं, ते कुठे ठेवायचे असतात? धाकट्याचं चौथं वर्ष पुरं व्हायचं होतं. शेवटी असं ठरलं की जायचं, पण मुलांना तिथल्या अणुबॉम्बच्या संग्रहालयाच्या आत न्यायचं नाही. आम्ही दोघं आळीपाळीने आत जाऊ.

हिरोशिमात स्टेशनाबाहेर पडल्यावर ट्राम लागली. रस्त्याच्या मधून खडखडत जाणारी ट्राम मुलांना आवडणारच. 6 ऑगस्ट 1945 ला बॉम्ब पडला आणि तिसऱ्याच दिवशी, 9 ऑगस्टला, या ट्रामचा एक तुकडा पुन्हा सुरू झाला होता. त्या दिवसातून वाचलेल्या गाड्यांपैकी 651 आणि 652 क्रमांकाच्या गाड्या पुढे कित्येक दशकं धावत राहिल्या. हे मी थोरलीला ट्राममध्येच सांगितलं. ती उठून पुढे गेली आणि आपण बसलोय त्या गाडीचा क्रमांक वाचून आली.

मी आत गेले तेव्हा नवरा मुलांना घेऊन नदीकाठी बसला होता. संग्रहालयात एक तीनचाकी सायकल आहे. गंजून गेलेली. शिनइची तेत्सुतानी नावाचा मुलगा त्या सकाळी घरासमोर तिच्यावर खेळत होता. त्याचं चौथं वर्ष पुरं झालं नव्हतं. रात्रीपर्यंत तो गेला. एवढ्याशा पोराला एकटं थडग्यात ठेवायचं वडिलांच्या जिवावर आलं. त्यांनी त्याला घराच्या आवारातच पुरलं आणि सोबत त्याची सायकल ठेवली. 1985 मध्ये, चाळीस वर्षांनी, त्याचे अवशेष घराण्याच्या थडग्यात हलवताना ती सायकल वर काढली आणि संग्रहालयाला दिली. मी त्या काचेसमोर उभी असताना माझा तेवढाच मुलगा बाहेर दगड गोळा करत होता. मी धावतच बाहेर आले. नवऱ्याने काही विचारलं नाही, मुलांना माझ्याकडे दिलं आणि तो आत गेला.

थोरलीला मुलांच्या स्मारकापाशी नेलं. सादाको सासाकी बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती. तिला तेव्हा काही झालेलं दिसलं नाही, चांगली धावायची. 1955 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने ती बारा वर्षांची असताना गेली. हजार कागदी क्रौंच केले की इच्छा पुरी होते या समजुतीने ती दवाखान्यात, औषधांच्या पुड्यांचे कागदसुद्धा घेऊन, पक्षी करत राहिली. तिच्या वर्गसोबत्यांनी आणि देशभरच्या शाळांतल्या मुलांनी पैसे जमवले आणि 1958 मध्ये हे स्मारक झालं. भोवती काचेच्या कपाटांत लाखो पक्ष्यांच्या माळा आहेत. थोरलीने घरून केलेले पक्षी आणले होते, दोऱ्यात ओवलेले. ते अडकवल्यावर ती बराच वेळ तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, “आई, विमानातल्या माणसांना खाली मुलं आहेत हे माहीत होतं?”

मी म्हटलं, “खाली शहर आहे, हे माहीत होतं.”

“मग माहीतच होतं,” ती म्हणाली.

या जागी मात्र पाचवा हात नव्हता. कुणी खुर्ची लावून ठेवली नव्हती, कुठला क्रमांक नव्हता, आणि पुढच्या सीटवरच्या बाईही नव्हत्या. तिला काय सांगायचं ते आम्ही दोघांनीच ठरवायचं होतं, आणि मी ठरवलं की खोटं सांगायचं नाही. “हो,” मी म्हटलं, “माहीत होतं.” ती माझ्याशी परतीच्या गाडीत पुष्कळ बोलली. युद्ध कुणी सुरू केलं, जपानने दुसऱ्या देशांत काय केलं, तेही तिने विचारलं आणि मला सांगता आलं तेवढं मी सांगितलं. काही आयांना हे वय लवकरचं वाटतं. मला वाटत नाही. मूल जो प्रश्न स्वतः विचारू शकतं, त्याच्या उत्तराचं वय त्याला आलेलं असतं.

गेल्या वसंतात माझे सासू-सासरे आले आणि पहिल्यांदाच आमच्या प्रवासाला चार हात वाढले. तेही गुडघेदुखीचे हात म्हणा, पण मांड्या होत्या, गोष्टी होत्या. उएनोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर आजोबांनी मुलांना इंदिराची गोष्ट सांगितली. युद्धाच्या काळात, 1943 मध्ये, बॉम्ब पडून जनावरं सुटतील या भीतीने इथले हत्ती उपाशी ठेवून मारले होते. युद्ध संपल्यावर टोकियोतल्या मुलांनी हत्ती हवा म्हणून नेहरूंना पत्रं लिहिली, आणि 1949 मध्ये म्हैसूरकडची एक हत्तीण बोटीने इथे आली. नेहरूंनी तिला आपल्या मुलीचं नाव दिलं होतं. 1983 पर्यंत ती इथेच राहिली. धाकट्याने विचारलं, तिला जपानी येत होतं का? आजोबा म्हणाले, आधी तिला माहुताची कानडी समजायची, मग हळूहळू जपानी शिकली असेल, तुझ्यासारखीच. हत्तींपासून पुढे जायला दोघंही तयार होईनात.

स्टेशनावर परतताना सासूबाई जिन्यापाशी थबकल्या. थोरलीने त्यांचं मनगट धरलं, वरची पाटी वाचली आणि “आजी, लिफ्ट तिकडे आहे, ये” म्हणत घेऊन गेली. धाकटा त्यांची काठी सांभाळत मागून. मी बाबागाडीशिवाय, रिकाम्या हातांनी चालत होते आणि ते जरा वेळाने माझ्या लक्षात आलं.

पुढचा बेत होक्काइदोचा आहे. तिकडे जाताना शिंकान्सेन समुद्राखालून जाते. सेइकान बोगदा 53.85 किलोमीटर लांब, त्यातला 23.3 किलोमीटर समुद्राच्या तळाखाली. 1988 मध्ये तो सुरू झाला आणि 2016 पासून त्यातून शिंकान्सेन धावते. बोगद्यात मासे दिसणार नाहीत, नुसता अंधार असेल, हे धाकट्याला पटत नाही. थोरली वेळापत्रकाचं जाड पुस्तक घेऊन बसली आहे. जाताना मोरिओकाला उतरून एक गाडी सोडायची आणि नंतरच्या हायाबुसाने पुढे जायचं, असं तिने पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे, आणि या खेपेला जोडणीच्या जागी पुढे उभं राहायचा मान धाकट्याचा, असंही.